थेट केएक्स २५० नकोच

धागाकर्त्यांना चाळिशीत पहिल्यांदाच चिखलमातीत चालवायला मोटरसायकल घ्यायची आहे, आणि वर एकांनी त्यांना "घ्यायचीच तर कावासाकी केएक्स २५० घ्या" असं सुचवलंय. असहमत. ती शर्यतीची गाडी. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, आरटीओ पासिंग होत नाही, म्हणजे रस्त्यावर चालवता येत नाही. पुण्यात कोथरूडहून मुळशीला न्यायची तरी टेम्पो ठरवा. शिवाय तिची देखभाल किलोमीटरवर नाही, इंजिन किती तास चाललं त्यावर. चाळिशीत पहिल्यांदा चिखलात उतरणाऱ्याला हा व्याप कशाला?

हीरो एक्सपल्स २०० फोर व्ही बघा. पुढे २१ इंची, मागे १८ इंची स्पोकची चाकं, आणि आरटीओचा प्रश्नच नाही. ताकद कमी वाटेल, पण शिकताना तेच बरं: थ्रॉटल चुकून जास्त पिळला गेला तरी गाडी अंगावर येत नाही. तिचीच 'प्रो' आवृत्ती मात्र नको. तिची सीट जमिनीपासून ८९१ मिमी उंच, साधीची ८२५. तुमची उंची पाच फूट पाच इंच म्हणताय. उतारावर थांबताना पाय टेकला नाही की गाडी आडवी झालीच समजा. साधारण १६० किलोचं ते धूड एकट्याने उचलता येतं का, हे ओळखीतल्या कुणाच्या गाडीवर आधी करून बघा.

मोटोक्रॉस बूट (चिखलातल्या शर्यतीचे उंच, कडक बूट), नी गार्ड (गुडघ्यांसाठी), हेल्मेट यांचे पैसे बाजूला ठेवा. (ट्रेकिंगचे बूट चालणार नाहीत. घोटा गाडीखाली अडकला की त्यांचा काही उपयोग नाही.)

सरावाला कुणाची पडीक जमीन परवानगीने मिळाली तर उत्तम. वेताळ टेकडीवर नेऊ नका, सकाळी फिरायला येणारी मंडळी सोडायची नाहीत.