शॅडो म्हणजे सावली का? आणि टोनला काय म्हणायचं?

मी साताऱ्यात बचत गटातल्या बायकांना मोबाईलवर फोटो एडिट करायला शिकवते, मसाले-लोणच्यांचे फोटो चांगले यावेत म्हणून. शॅडोला सावली आणि टोनला छटा असं सांगत आलेय. परवा एकीनं विचारलं, मॅडम या फोटोत सावली कुठंच नाही, मग शॅडो वाढवल्यावर काळ्या मसाल्याची वाटी तेवढी कशी उजळली? तिचं बरोबरच आहे. कुठला शब्द वापरू?

प्रतिसाद, सांगलीहून:
ताई, सावली नकोच, गडद भाग म्हणा. मी लग्नाचे अल्बम करतो, नवरदेवाचा काळा कोट, नवरीचे केस, मांडवाच्या कोपऱ्यातला अंधार सगळं शॅडोतच येतं, कारण सॉफ्टवेअरला सावली कळत नाही, त्याला आकडे कळतात, साध्या जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाईलमध्ये, 0 म्हणजे काळंकुट्ट आणि 255 म्हणजे पांढरंशुभ्र. हायलाईट म्हणजे तसाच उजळ भाग, चमक नव्हे. पाव्हण्यांची पांढरी टोपी 255 ला जाऊन टेकली की तिच्या चुण्या गेल्या, आम्ही म्हणतो पांढरं उडालं, मग जेपेगमध्ये कितीबी खाली ओढा तिथं नुसता राखाडी डाग येतो. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाईल, असली तर थोडंफार परत मिळतं.

छटा शब्द मात्र मला खरंच खटकतो. हळदीचा ढीग बघा, उन्हातली बाजू फिकी पिवळी, आतली गडद पिवळी, हळद तीच, फरक टोनचा. छटा म्हटलं की आपला माणूस केशरी पिवळा का हिरवट पिवळा हे बघायला लागतो, ती रंगाची गोष्ट झाली. टोनला उजळ-गडदपणा म्हणा. आणि कॉन्ट्रास्टला, म्हणजे उजळ आणि गडद भागातल्या फरकाला, उठाव म्हणा, हा शब्द आपल्याकडं आधीपासून आहेच, फोटोला उठाव नाही असं गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं.

पुन्हा मी:
दादा, आज वर्गात गडद भाग म्हणून बघितलं, लगेच कळलं सगळ्यांना. उठाव पण. उजळ-गडदपणा मात्र कुणाच्या तोंडात बसेना, शेवटी त्यातलीच एक म्हणाली उजेडाची पायरी म्हणूया की, खालच्या पायरीला काळं, वरच्या पायरीला पांढरं. मी तेच धरलंय, मिडटोनला मधल्या पायऱ्या हे मग त्यांनीच म्हणायला सुरुवात केली, मला सांगावं पण लागलं नाही.