ठरवलेलं पार पडावं म्हणून विचार नेमका कसा करायचा?

वाघबीळ_नाका

नमस्कार. घर घोडबंदर रोडला, बँकेची शाखा वाशीत. बँक कर्मचाऱ्यांच्या जेएआयआयबी परीक्षेच्या चारपैकी तीन पेपर सुटले, 'अकाउंटिंग अँड फायनान्शियल मॅनेजमेंट' राहिलाय. रोज रात्री जेवणानंतर तासभर बसायचं ठरवते आणि रोज ते उद्यावर जातं. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळते, पण तो अर्धा तास मोबाइल खातो. एका मैत्रिणीचं म्हणणं, व्हिजन बोर्ड (स्वप्नांची चित्रं चिकटवलेला फलक) बनव, पास झाल्याचं चित्र रोज डोळ्यांसमोर आण, २१ दिवसांत मेंदूला वळण लागतं. यातलं शास्त्रीय किती आणि हवेतलं किती? मोटिव्हेशनचे व्हिडिओ कृपया नकोत.

तलावपाळी

बोर्ड भिंतीवर लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. गॅब्रिएले ओएटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर नेमकं हेच तपासलंय. १९९१ साली त्यांचा वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांवरचा अभ्यास आला. ज्यांना 'मला जमेल' असा अंदाज होता त्यांचं वजन जास्त उतरलं, ते ठीकच. पण बारीक झाल्याच्या गोड कल्पनांत ज्या जास्त रमायच्या, त्यांचं वजन वर्षाअखेरीस तशा न रमणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ किलो कमी उतरलं होतं. खात्री वेगळी आणि मनोराज्य वेगळं, आपण दोन्ही एकाच मापाने मोजतो. पुढच्या प्रयोगांत अशा कल्पनांनंतर लोकांचा वरचा रक्तदाब घसरलेला दिसला. मिळाल्याचं समाधान आधीच चाखलं की कामाला भिडायचा जोर ओसरतो.

चित्र रंगवायचंच असेल तर निकालाचं नको, कृतीचं रंगवा. फाम आणि टेलर यांनी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं. एका गटाने चांगले मार्क मिळाल्याची कल्पना करायची, दुसऱ्याने अभ्यासाला कधी, कुठे, कसे बसणार याची. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला, जास्त केला आणि मार्कही जास्त मिळवले.

ओएटिंगेनबाईंची पद्धत अशी: इच्छा एका ओळीत. मग ती पुरी झाल्यावरची सगळ्यात चांगली गोष्ट, मिनिट-दोन मिनिटं, डोळे मिटून. लगेच त्यापाठोपाठ आपल्या आतला अडथळा, तोही तेवढाच नीट. हा क्रम उलटा केला तर परिणाम होत नाही, आणि लोक इथेच घोटाळा करतात. दुसरा घोटाळा अडथळा निवडताना. घोडबंदरचं ट्रॅफिक हा अडथळा लिहू नका, त्यावर तुमचा ताबा नाही. 'दमलेय, आता डोक्यात काही शिरणार नाही' हे जे मनात येतं ना, तो खरा अडथळा.

एक मात्र सांगून ठेवतो. यश मिळेल असं मुळात वाटतच नसेल तर ही पद्धत तुम्हाला त्या ध्येयापासून दूर नेते. तो तिचा दोष नव्हे, उपयोगच आहे. तुमचे तीन पेपर सुटलेत, तेव्हा तुमचं तसं होऊ नये.

रबाळे_लोकल

वरच्याला अनुमोदन. पण अडथळा सापडला की त्याला कृती बांधावी लागते, नाहीतर तो नुसता सापडून राहतो.

पीटर गोलविट्झर यांचं १९९९ पासून गाजलेलं काम 'जर-तर' नियोजनावर आहे. 'मी अभ्यास करीन' हा झाला हेतू. 'जर अमुक झालं, तर मी तमुक करीन' हे झालं नियोजन. त्यांनी आणि शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, नुसत्या हेतूच्या मानाने जर-तरचा फायदा मध्यम ते मोठा निघाला. यात इच्छाशक्ती वाढत नाही. निर्णय आधीच झालेला असतो, त्यामुळे खूण समोर आली की मेंदू ती चटकन टिपतो आणि 'करू की नको' ही चर्चाच होत नाही.

'जेवणानंतर' फसतं याचं कारण ती वेळच नाही. ताटं, ओटा, उद्याचे डबे, फोन असा तो दीड तासाचा पट्टा आहे. मेंदूला अचूक क्षण लागतो, दिसणारा किंवा ऐकू येणारा. तुमच्याकडे तो आयता आहे: ठाणे सोडलं की थोड्या वेळाने डब्यात 'पुढील स्टेशन ऐरोली' अशी घोषणा होते. वाक्य लिहा: 'जर ऐरोलीची घोषणा ऐकली, तर मी बॅगच्या पुढच्या कप्प्यातलं कार्ड काढून पहिला प्रश्न वाचीन.' कार्ड आदल्या रात्री तयार हवं, त्यावर पाचच प्रश्न. पाच का, तर वाशीपर्यंत तेवढेच नीट होतात, आणि पुस्तक उघडून 'आज काय करू' ठरवायला बसलात की तुर्भे येतं. लोकलमध्ये सिद्धांत, एन्ट्री, गुणोत्तरांची सूत्रं. घसारा, ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा बिंदू) असली गणितं घरी टेबलावर, रोज दोन.

रात्रीसाठी खूण: ओटा पुसून फडकं वाळत टाकलं की लगेच खुर्चीत. आणि अडथळ्यासाठी: 'जर दमलेय असं मनात आलं, तर एकच गणित मांडीन, सोडवलं नाही तरी चालेल.'

'मोबाइल बघणार नाही' असं वाक्य कधीच लिहू नका. नकारार्थी जर-तर उलटतं, हे अॅड्रियान्स यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं. जे टाळायचंय त्याचीच आठवण मनात जास्त जागी होते. त्याऐवजी 'हातात फोन आला, तर तो फ्रिजवर ठेवीन' असं लिहा.

वाघबीळ_नाका

फ्रिजवर! आमच्या घरात तो तिथून लगेच कोणीतरी आणून देईल, पण मुद्दा कळला. दोन शंका. अभ्यास, सकाळचं चालणं आणि साखर सोडणं, तिन्हीची जर-तर वाक्यं एकदम लिहिली तर? आणि मध्येच दोन दिवस खाडा पडला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का?

सीवूड्स_पूर्व

पहिल्या शंकेचं उत्तर: नको. डाल्टन आणि स्पिलर यांचे २०१२ चे प्रयोग याच प्रश्नावर होते. एका ध्येयासाठी तपशीलवार नियोजन उपयोगी पडलं, बऱ्याच ध्येयांसाठी केल्यावर फायदा उरला नाही. सगळं कागदावर आलं की हे सारं सांभाळणं किती अवघड आहे ते दिसतं आणि मन आधीच मागे सरतं. परीक्षेपर्यंत साखर खा.

आता २१ दिवस. तो आकडा सवयीच्या संशोधनातून आलेलाच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात नोंदवलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातला 'निदान' कधीच गळून पडला. लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात ९६ जणांनी १२ आठवडे एकेक नवी कृती रोज केली. ती आपसूक होऊ लागायला मधला आकडा आला ६६ दिवस, आणि पसारा १८ ते २५४ (वरचा आकडा गणिती अंदाजाने). पाण्याचा पेला लवकर जमला, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने आलेख ढासळला नाही. म्हणजे पहिल्यापासून मोजायची गरज नाही.

धोका वेगळाच आहे: 'मोडलंच आहे तर मोडू दे'. डाएट करणाऱ्यांत हे हर्मन आणि पोलिव्ही यांनी फार पूर्वी टिपलंय. एकदा मर्यादा ओलांडली की माणूस त्या दिवसापुरता हात सोडून देतो. म्हणून खाड्याचंही जर-तर आत्ताच लिहा: 'जर काल चुकलं, तर आज ऐरोलीला एकच प्रश्न, भरपाई नाही.' भरपाईचे दहा प्रश्न ठेवलेत की तिसरा खाडा नक्की.

आणखी एक गल्लत टाळा. अभ्यासाची सवय लागत नाही, *बसायची* लागते. तीच खूण, तीच जागा असली की कृती हळूहळू मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लियाच्या ताब्यात जाते आणि विनासायास सुरू होते. पण ब्रेक-इव्हनचं गणित दोन महिन्यांनीही डोकं लावूनच सोडवायचं. 'सवय लागली तरी जड का जातंय' म्हणून लोक नेमके तिथे सोडतात.

कोपरी_पूल

डोपामाइनचा विषय कोणी काढायच्या आत: 'डोपामाइन डिटॉक्स'च्या, म्हणजे मेंदूतलं हे रसायन 'ताळ्यावर आणायला' मजेच्या गोष्टी काही काळ बंद ठेवण्याच्या, नादी लागू नका. वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून कळतं ते इतकंच की डोपामाइनच्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त काही मिळालं की पेटतात, आणि बक्षीस म्हणून अपेक्षित असलेला फळांचा रस आलाच नाही तर मंदावतात. तुमच्यापुरता अर्थ: बक्षीस निकालाच्या दिवशी नको, पाचवा प्रश्न झाल्या झाल्या काहीतरी छोटं. कार्डावर टिक चालेल.

आता वेळापत्रकाकडे बघा, सगळे इथेच आपटतात. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा. 'सगळं बिघडलं तर?' यावर ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. वाईटात वाईट अंदाजही कमी पडला, कारण अंदाज बांधताना आपण पुढची गोष्ट रचतो, मागची नोंद पाहत नाही.

तेव्हा नवा अंदाज बांधूच नका. सुटलेल्या तीन पेपरांना प्रत्यक्ष किती आठवडे गेले ते काढा, त्यातला मोठा आकडा घ्या आणि परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत या. या पेपरच्या चार मोड्यूलना (भागांना) समान आठवडे देऊ नका. टॅक्सेशन आणि कॉस्टिंगचं शेवटी येतं, म्हणून ते नेहमी घाईत उरकलं जातं. ते दुसऱ्या क्रमांकाला घ्या.