शब्दचर्चा : रिफ्लेक्शन आणि जेनेरिकला मराठीत काय म्हणायचं?

खाडीपट्टी :
रत्नागिरीत डिप्लोमाच्या पोरांना सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते, बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली म्हणून नोट्स मराठीत काढतेय. उदाहरण मिरकरवाडा बंदरातल्या लिलावाचं घेतलंय. जेसनमध्ये (माहिती मजकुरात लिहायची एक पद्धत) कधी मासळीची नोंद येते कधी बर्फाची, म्हणून ‘नोंद ऑफ टी’ असा जेनेरिक क्लास, म्हणजे आतला प्रकार नंतर ठरणारा साचा, आणि टी म्हणजे नक्की काय ते जेसनमधला ‘प्रकार’ वाचल्यावरच कळणार, त्यामुळे प्रॉपर्टी, म्हणजे ऑब्जेक्टमधले रकाने, रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना नावावरून शोधून) भरायच्या. कोड चालतोय, गाडी शब्दांवर अडलीय. ‘परावर्तन’ आणि ‘सामान्य’ मला अजिबात पटत नाहीत. तुम्ही काय वापरता?

देवगडकर :
ताई, परावर्तन नकोच, पोरं आपाती किरण काढत बसतील. प्रतिबिंबही नको, कारण प्रतिबिंब नुसतं बघायचं असतं आणि इथे सेटव्हॅल्यूने प्रॉपर्टीत किंमत भरली की ऑब्जेक्ट खरोखर बदलतो. ब्रायन कॅन्टवेल स्मिथने १९८२ साली एमआयटीच्या पीएचडी प्रबंधात हा विचार मांडला त्यातही गाभा हाच होता, की प्रोग्रामकडे स्वतःचं वर्णन असतं आणि त्या वर्णनात फेरफार केला की प्रोग्रामच्या वागण्यात फरक पडतो. नुसतं आत डोकावून बघण्याला इन्ट्रोस्पेक्शन म्हणतात, त्याला आत्मनिरीक्षण चालेल. रिफ्लेक्शनला मी रिफ्लेक्शनच म्हणतो आणि पहिल्यांदा येतं तिथे एका ओळीत समजावतो: चालू प्रोग्रामने स्वतःची रचना वाचणं आणि तिच्यामार्फत काम करणं.

‘सामान्य’ तर टाकूनच द्या, मराठीत सामान्य म्हणजे बेताचं. जेनेरिक शब्द औषधांच्या दुकानामुळे घरोघरी पोचलाय, तोच ठेवा. पण ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ टाइपला मी कोरा आणि भरलेला म्हणतो, छापील फॉर्मसारखं. ‘नोंद ऑफ टी’ कोरा, त्याचा ऑब्जेक्ट बनत नाही. आधी मेकजेनेरिकटाइपला ‘मासळी’ द्यायचं, मग भरलेला टाइप मिळतो, तो ऑब्जेक्ट बनवणाऱ्या अॅक्टिव्हेटरच्या क्रिएटइन्स्टन्सला द्यायचा आणि प्रॉपर्टी त्याच भरलेल्या टाइपवरून शोधायची. कोऱ्या टाइपवरून घेतलेली प्रॉपर्टी सेट करायला गेलं की एरर ठरलेली.

बंदरावरची :
कोरा-भरलेला माका लय आवडला. पण एक शब्द राहतोय आणि तो जास्त घातक आहे, नल, म्हणजे किंमतच नसणं. बऱ्याच नोट्समध्ये नलला सरळ ‘शून्य’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, समजा जेसनमध्ये त्या काळात सुरमईचा ‘दर’ नल आला. प्रॉपर्टी साधी डबल (दशांश आकड्याचा प्रकार) असेल आणि सेटव्हॅल्यूला नल दिलं तर एरर येत नाही, गुपचूप ० भरलं जातं! मग जूनची सरासरी काढली की सुरमई फुकट विकल्यासारखी दिसते. दर ० असणं वेगळं आणि दरच नसणं वेगळं. म्हणून नलला ‘रिक्त’ म्हणा, शून्य कधीच नको.

खाडीपट्टी :
हे फार मोलाचं सांगितलंत. मग दर नलेबल डबल, म्हणजे नलही घेणारा डबल, करते.

बंदरावरची :
करा, पण तिथे किमतीचा प्रकार बदलणाऱ्या कन्व्हर्ट चेंजटाइपला थेट नलेबल प्रकार देऊ नका, साधा आकडा आला तरी कास्टची एरर देतं. नलेबलच्या गेटअंडरलाइंगटाइपने आतला डबल काढायचा, किंमत त्यात बदलून मग सेट करायची, आणि नल असेल तर न बदलता तसंच सेटव्हॅल्यूला द्यायचं.

देवगडकर :
आणि नावावरून प्रॉपर्टी शोधणारं गेटप्रॉपर्टी लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतं, प्रॉपर्टी सापडली नाही तर तेही नलच देतं. तिथे मात्र ‘रिक्त’ लिहू नका ताई, सरळ ‘सापडली नाही’ लिहा, नाहीतर पोरं प्रॉपर्टीतली किंमत रिक्त आहे असं समजतील.