त्वचेवरचे झाडपाल्याचे आणि अँटिसेप्टिकचे उपाय: तुमचे बरेवाईट अनुभव लिहा

कापलं, भाजलं, खाजलं की घरातलं कुणी ना कुणी हळद दाब म्हणतं, कुणी कोरफड चोळ म्हणतं, कुणी बाटलीतलं अँटिसेप्टिक घेऊन धावतं. कधी खरंच गुण येतो आणि कधी मूळ दुखणं राहतं बाजूला, औषधाचंच निस्तरत बसावं लागतं. दोन्हीकडचे अनुभव येऊ द्या. फक्त "मला फरक पडला" एवढं नको, काय लावलं, किती पातळ करून, किती वेळ ठेवलं तेही लिहा, नाहीतर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

मीच सुरुवात करते, कोरफडीपासून. उन्हाने त्वचा लाल झाली की मला कोरफडीइतका थंडावा कशानेच मिळत नाही. पण पान कापलं की सालीच्या लगेच खालून जो पिवळा चीक येतो तो झोंबतो, त्यामुळे पान उभं ठेवून चीक पूर्ण निथळू द्यायचा, साल सोलायची आणि आतला पारदर्शक गर धुवून घ्यायचा. माझ्या बहिणीला एवढा धीर कुठला, तिने पान अर्धवट सोलून तसंच गालावर घासलं आणि संध्याकाळी गाल टोमॅटोसारखे!

*

मी नर्स आहे, ड्रेसिंग करण्यात आयुष्य चाललंय, म्हणून जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या. लोकांना वाटतं औषध जितकं झोंबेल तितके जंतू मरतात, पण तसं काही नाही हो. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर टाकलं की फेस येतो ना, तो आपल्याच रक्तात आणि पेशींत असलेल्या कॅटालेज नावाच्या एन्झाइममुळे येतो, जखम अगदी स्वच्छ असली तरी येणारच. आणि ते रोज रोज ओतलं की भरून येणाऱ्या नव्या पेशीही मरतात. साध्या खरचटण्याला वाहतं स्वच्छ पाणी, आजूबाजूला साबण, बस्स. पोव्हिडोन आयोडीन (ते तपकिरी अँटिसेप्टिक) मात्र चांगलंच आहे, फक्त ते लावून लगेच पुसायचं नाही, वाळू द्यायचं, काम करायला त्याला वेळ लागतो. ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी मोठ्या जखमेवर बरेच दिवस लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा, कारण आयोडीन अंगात शोषलं जातं. तान्ह्या बाळाला तर विचारल्याशिवाय नकोच.

एका मावशींच्या पायाच्या बोटाला छोटंसं कापलं होतं. मुलाने अँटिसेप्टिकमध्ये, पाणी न घालता, कापूस बुडवून बोटाला गुंडाळला आणि वरून घट्ट पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी मी पट्टी सोडली तर कापलेलं राहिलं इवलंसं आणि सगळं बोट पांढरं, सुरकुतलेलं, कातडी हाताला येतेय. औषध तेच, पण बाटलीवर पातळ करा लिहिलंय ते कुणी वाचत नाही आणि वर बंद पट्टी, मग ते भाजणारच.

आणि ते "जखम उघडी ठेवा, वाळू द्या" पण सोडा आता. जॉर्ज विंटर या संशोधकांनी 1962 मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते.

*

पिंपल्सना टी ट्री ऑइल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल. मला फायदा आहे, पण घाई असलेल्यांनी नादी लागू नये. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (पिंपल्सचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली होती, दोन्हींनी पिंपल्स कमी झाले, टी ट्रीला वेळ जास्त लागला पण कोरडेपणा, आग वगैरे कमी होती. म्हणजे 5 टक्के हां! लोक बाटलीतलं शुद्ध तेल थेट चेहऱ्यावर लावतात. शिवाय उघडून ठेवलेली जुनी बाटली हवेने, उजेडाने ऑक्सिडाइज होते आणि मग अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते. जुनी बाटली संपवायची म्हणून लावू नका. पोटात तर अजिबात जाता कामा नये, लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

*

लिंबू. डाग जावेत म्हणून मैत्रिणीने हातावर लिंबू चोळलं आणि उन्हात फिरली. एक दिवस काही नाही, मग फोड आणि त्यानंतर काळे पट्टे, रस जिथे ओघळला होता अगदी तिथेच. कित्येक महिने गेले नाहीत. लिंबाच्या, विशेषतः सालीच्या रसातल्या द्रव्यांवर ऊन पडलं की असं होतं. डाग घालवायला गेली, आणखी घेऊन आली.

*

@नर्सताई, पोटॅशियम परमँगनेटबद्दल (पाण्यात विरघळवायचे ते जांभळे दाणे) पण लिहा ना. चिघळलेल्या एक्झिमाला डॉक्टरांनी त्याच्या पाण्यात पाय बुडवायला सांगितलं होतं, मला भरपूर आराम पडला.

*

हो, ओल्या एक्झिमाला ते चांगलंच. पण पाणी फिकट गुलाबी पाहिजे, जांभळं नाही, आणि दाणे पूर्ण विरघळलेले पाहिजेत, न विरघळलेला दाणा कातडीला चिकटला की तिथे भाजतं. नखं तपकिरी होतात, घाबरू नका.

*

माझा अनुभव जरा वेगळा आणि मला वाटतं जास्त धोक्याचा. नवऱ्याच्या एक्झिमासाठी कुणीतरी "शंभर टक्के हर्बल" क्रीमची डबी दिली, लेबलवर घटकच नाहीत. दोन-तीन दिवसांत खाज गायब, आम्ही खूश, सगळ्यांना सांगत सुटलो. पुढे लावायचं थांबवलं की दुपटीने उसळायचं, म्हणून परत लावायचं, आणि हळूहळू मानेजवळची कातडी एवढी पातळ झाली की बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, यात स्टेरॉइड नसेल कशावरून? हर्बल म्हणून विकलेल्या क्रीम्समध्ये क्लोबेटासोलसारखं तगडं स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं बऱ्याच देशांत आहेत. स्टेरॉइड मुळात वाईट नाही हो, डॉक्टरांनी मापाने दिलं तर तेच लागतं, पण काय लावतोय हे माहीतच नसेल तर थांबवायचं कसं आणि कधी, कोण सांगणार? माझं मत विचाराल तर झाडपाल्याचं औषध आणि इतकं झटपट गुण देतंय म्हटलं की आधी संशय घ्या.

*

चामखिळीवर लसूण ठेचून रात्रभर बांधायचा उपाय फिरतोय ना सगळीकडे, तो करू नका प्लीज. कच्चा लसूण बांधून ठेवला की केमिकल बर्न होतो, भावाच्या बोटावर चामखीळ शिल्लक आणि भोवती हा एवढा फोड. त्यापेक्षा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं चामखिळीचं औषध घ्या, वेळ खातं पण काम करतं.

*

नवीन काहीही लावताना आमच्याकडे नियम आहे, कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, त्याच जागी, आठवडा-दहा दिवस रोज दोनदा लावून बघायचं. एकदा लावून तासाभराने "काही झालं नाही" म्हणण्यात अर्थ नाही, कारण अ‍ॅलर्जीचं पुरळ दोन-तीन दिवसांनीही उठतं. झेंडू, कॅमोमाइल, अर्निका ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली, एकाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसऱ्याचीही असू शकते. आणि अँटिसेप्टिकवालेही सुटले नाहीत बरं का, क्लोरहेक्सिडिनचीही अ‍ॅलर्जी होते, क्वचित फार गंभीर होते, आणि ते डोळ्यात, कानात जाऊ द्यायचं नाही.

*

सगळे नुसते घाबरवताहेत म्हणून मधाच्या बाजूने लिहितो. बाबांना डायबेटिस, टाचेची जखम भरता भरेना. ड्रेसिंगला डॉक्टरांनी मधच वापरला, पण तो निर्जंतुक केलेला, जखमेसाठीच बनवलेला, पट्टीसकट येणारा. मधात पाणी कमी असतं, त्यामुळे जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. जखम भरली, पण त्याच्या जोडीला शुगर कंट्रोल, अँटिबायोटिक आणि टाचेवर भार न देणं हे सगळं होतं, एकट्या मधाला श्रेय देणार नाही. डायबेटिस असेल तर पायाची बारीकशी जखमही घरी बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.