उपाशी घोड्यापुढं हरभऱ्याचं घमेलं ठेवू नका ओ!

खानापूरची सून
काल ग्रुपवर एकानं टाकलं, "बेळगावच्या किल्ला तळ्याजवळ हाडांचा सापळा झालेलं घोडं फिरतंय. मालकाला फोडून काढा. आम्ही घमेलंभर भिजवलेला हरभरा घातला." खाली नुसते जोडलेले हात. अहो, त्या हरभऱ्यानंच मरेल ते! महिनाभर उपाशी जनावराला एकदम धान्य दिलं की रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम घसरतं आणि आठवडाभरात हृदय बंद पडू शकतं. पोटशूळ वेगळाच. आधी लसूणघास, तीही थोडी थोडी, दर चार तासांनी. दहा दिवसांत हळूहळू वाढवायची. चंदी, म्हणजे दाणा, त्यानंतर. आमच्या मळ्यात अशीच एक घोडी आली होती, चौथ्या दिवशी उठलीच नाही. घमेलं भरणारी मीच होते.

टांगेवाल्याचा नातू
चाऱ्याचं पटलं. पण "मालकाला फोडून काढा" याला तुम्ही काही बोलला नाहीत. आमच्या आजोबांचा टांगा स्टेशन ते शहापूर चालायचा. रिक्षा आल्या, सवारी गेली. म्हाताऱ्या घोड्याला गिऱ्हाईक कोण? आज्जी स्वतःच्या ताटातली भाकरी त्याला घालायची. गरिबाच्या दावणीवर सगळ्यांचा डोळा. शर्यतवाल्यांना मात्र कुणी विचारत नाही.

चिकोडीचा गाडीवान
शर्यत कशाला मधी ओढताय? आमच्या घोड्याला दोन वेळ खरारा आहे, तुमच्या पोरांना तेवढी अंघोळ नसेल. आणि २०२३ ला सुप्रीम कोर्टानंच परवानगी दिली की.

खानापूरची सून
बैलांना दिली! प्राणी छळाच्या कायद्यात कर्नाटकनं केलेल्या दुरुस्तीत कंबळ म्हणजे रेड्यांची शर्यत आहे, बैलांची शर्यत आहे, बैलगाडी आहे. घोडा कुठं आहे, दाखवा. तुम्ही एकाच जुवाला एकीकडं घोडा, एकीकडं बैल जुंपता. दोघांची चाल एक आहे का?

चिकोडीचा गाडीवान
घोड्याला पळवायचं नाही तर काय देव्हाऱ्यात बसवायचं? आमच्याच तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे वारीसाठी आळंदीला चालत जातात. तो छळ का?

बिनपगारी वकील
त्यातल्या एका घोड्यावर माउली बसतात अशी श्रद्धा आहे, म्हणून पाठ मोकळी असते. तुमच्या गाडीवर दोन दांडगे आणि मागं दहा मोटारसायकली. बाकी निवांत राहा. प्राणी छळाच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. चहा-भज्यांत भागतंय.

चिकोडीचा गाडीवान
वकिलानं कधी शेण उचललंय का?

बिनपगारी वकील
उचललंय, म्हणूनच वकील झालो. आपल्याकडं घोड्याची किंमत मेल्यावर कळते. मे २०२१ मध्ये गोकाक तालुक्यात मरडीमठातला घोडा गेला, तर लॉकडाऊन मोडून शेकडो लोक अंत्ययात्रेला आले. गाव सील करावं लागलं. जिवंत घोड्याला पेंडी घालायला चारजण मिळत नाहीत.

टांगेवाल्याचा नातू
शर्यत झाली, वारी झाली, मठ झाला. तळ्याजवळचं घोडं तिथंच आहे ना?

खानापूरची सून
आहे. सकाळी बघून आले. खुरं वाढून चपलेसारखी वर वळलीत. लसूणघास मी देते, जागा नाही. आणि दुसऱ्या घोड्यांत मिसळायच्या आधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासायला पाहिजे, तो रोग माणसालाही होतो. मालकाबद्दल... बरं, त्याच्याकडंही खायला नसेल. पण सोडून देण्याआधी कुणाला सांगायचं तरी!

टांगेवाल्याचा नातू
कुणाला सांगणार? तुमच्या ग्रुपवर? फोडून काढायला? असू दे. आजोबांचा गोठा रिकामाच आहे, दुसरं जनावर नाही. आणा. मालक कोण ते विचारत बसायचं नाही, एवढीच अट.

चिकोडीचा गाडीवान
आमचा नालबंद रविवारी बेळगावला येतोय, खुरं तासून देईल. शर्यतीच्या घोड्यांचा आहे, बाईंना चालेल का?

खानापूरची सून
चालेल. हरभरा आणू नका म्हणावं.