मशीनचा चालू डेटा एआय असिस्टंटला दाखवायचा आहे, एमसीपी सर्व्हर कसा लावू?

भोसरी_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपचं मेंटेनन्स बघतो. एनर्जी मीटर आणि कॉम्प्रेसर आरएस-४८५ वायरिंगवरून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडलेत, तिथून दर सेकंदाला रीडिंग मॉस्क्विटो ब्रोकरवर (मेसेज घेऊन पुढे वाटणारा प्रोग्रॅम) जातं. डॅशबोर्डचा कोड लॅपटॉपवर कर्सर या एआय असिस्टंटवाल्या एडिटरमध्ये लिहितोय. असिस्टंट कोड झकास लिहितो, पण मीटर आत्ता काय दाखवतोय ते त्याला कळत नाही. टर्मिनलवरचे आकडे मीच कॉपी करून देत बसतो.

पायथॉनमध्ये छोटा एमसीपी सर्व्हर (असिस्टंटला बाहेरचा डेटा आणि टूल पुरवणारा प्रोग्रॅम) लिहिलाय. तो जोडला जातो आणि पहिलं रीडिंग आलं की तुटतो. चालू आहे हे कळावं म्हणून प्रत्येक रीडिंग प्रिंट करतोय. आणखी दोन गोष्टी: सेकंदासेकंदाचा सगळा डेटा द्यायचा का? आणि कॉम्प्रेसरचा सेट पॉइंट (ठरवून दिलेली पातळी) असिस्टंटलाच बदलू दिला तर चालेल का? मालक मागे लागलेत.

कोथरूड_पायथॉन
प्रिंटमुळेच तुटतंय. एसटीडीआयओवर (प्रोग्रॅमच्या साध्या इनपुट-आउटपुटवर) चालणाऱ्या सर्व्हरचा एसटीडीआउट, म्हणजे प्रिंट जातं तो मार्ग, फक्त एमसीपीच्या जेसॉन-आरपीसी मेसेजसाठी असतो, त्यात दुसरी एक ओळही जाता कामा नये. लॉग एसटीडीईआरआरवर, म्हणजे एररच्या वेगळ्या मार्गावर टाका. आणि कर्सरला जोडण्याआधी एमसीपी इन्स्पेक्टर या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये चालवून बघा, तिथे एकेक टूल हाताने बोलावता येतं.

चाकण_ऑटोमेशन
दादा, सेट पॉइंटचं आधी बोलतो, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं. मॉडबसमध्ये (अशा यंत्रांशी बोलायची पद्धत) होल्डिंग रजिस्टर, म्हणजे यंत्रातला आकड्यांचा कप्पा, वाचायचं फंक्शन ०३, लिहायची ०६ आणि १६. लिहिण्याचं टूल बनवूच नका. ‘विचारल्याशिवाय बदलू नको’ असं प्रॉम्प्टमध्ये सांगून भागत नाही. शिवाय टूल नसलं तरी असिस्टंट स्वतः स्क्रिप्ट लिहून ब्रोकरवर पब्लिश करू शकतो. म्हणून मॉस्क्विटोच्या एसीएल फाईलमध्ये (कोणाला काय परवानगी याची यादी) लॅपटॉपच्या युजरला फक्त रीड द्या. कॉम्प्रेसरपाशी माणसं काम करतात, मालकांना हे स्पष्ट सांगा.

सगळा डेटा ओतू नका. तासाला ३,६०० रीडिंग होतात, त्यात कॉन्टेक्स्ट, म्हणजे असिस्टंटला एका वेळी वाचता येणारी जागा, भरून जातो. एमसीपीत रिसोर्स सबस्क्राइब करायची (डेटा बदलला की आपोआप कळायची) सोय आहे, पण प्रत्येक क्लायंट, म्हणजे कर्सरसारखं ॲप, ती वापरतोच असं नाही. सर्व्हरने ब्रोकर ऐकत राहावं, शेवटचं रीडिंग मेमरीत ठेवावं आणि विचारलं की तेवढंच द्यावं. आत्ताचं रीडिंग देणारं एक टूल आणि गेल्या दहा मिनिटांचं किमान-कमाल देणारं दुसरं, एवढं पुरतं.

नुसता आकडाही देऊ नका. एकक द्या, वेळ द्या. तुमच्याकडे गुरुवारी वीज बंद असते ना? पाय आणि ब्रोकर यूपीएसवर चालू, मीटर बंद. मेसेज रिटेन केलेला (ब्रोकरने शेवटचा म्हणून जपून ठेवलेला) असेल तर ब्रोकर बुधवारचे २३१ व्होल्ट खुशाल देतो आणि असिस्टंट त्यावर कोड रचत बसतो. वेळ पायवर लावा, मीटर वाचल्या क्षणी. मेसेज पोचल्याची वेळ लावली तर जुनं रीडिंग ताजं दिसेल.

कच्ची रजिस्टरंही सोबत द्या. २३०.० हा ३२ बिटांचा फ्लोट (दशांश आकडा) दोन रजिस्टरांत हेक्समध्ये ४३६६ आणि ०००० असा येतो. क्रम उलटा वाचला की व्होल्टेज जवळजवळ शून्य. कच्चे आकडे समोर असले की असिस्टंट हे स्वतः पकडतो.

भोसरी_मेंटेनन्स
सर, मनापासून आभार. प्रिंट काढला, तुटणं थांबलं. आर फेजचं व्होल्टेज शून्य का येतंय यावर आमच्यात वाद चालू होता, वायरिंगवर संशय होता. रजिस्टरं दिल्याबरोबर असिस्टंटने क्रम उलटा असल्याचं दाखवलं. मल्टिमीटर लावून बघितलं, आता जुळतंय. हाच सर्व्हर हडपसरला घरून वापरायचा असेल तर राउटरवर पोर्ट उघडू का?

कोथरूड_पायथॉन
पोर्ट अजिबात उघडू नका. एकटेच वापरणार असाल तर सर्व्हर लॅपटॉपवरच राहू दे आणि ब्रोकरपर्यंत वायरगार्डने (खाजगी व्हीपीएन) जा. टीमला हवा असेल तर पायवर स्ट्रीमेबल एचटीटीपीने (एमसीपीची नेटवर्कवरून जोडायची पद्धत) चालवा, टोकन म्हणजे गुप्त किल्ली लावून. नेटवरचे बरेच जुने लेख एसएसई ही आधीची पद्धत दाखवतात, पण एमसीपीच्या मार्च २०२५ च्या स्पेसिफिकेशनमध्ये तिची जागा स्ट्रीमेबल एचटीटीपीने घेतली.

चाकण_ऑटोमेशन
रीडिंग ठरावीक वेळेपेक्षा जुनं असलं तर टूलने आकडा न देता एरर द्यावी. तुमचा मीटर दर सेकंदाला येतो, त्याला ५ सेकंदांची मर्यादा ठेवा. कॉम्प्रेसरच्या तापमानाला मिनिटभर चालेल.