शनोंसो नक्की कुणाचा?

माधुकरी: फ्रान्समधला शनोंसो बघून आले. शेर नदीच्या पात्रातच उभा असलेला राजवाडा! गाइड अर्धा तास राजा दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी दियान द प्वातिये आणि त्याची राणी कातरीन द मेदिची यांच्या भांडणात रमला होता. ज्या बाईने वाडा बांधून घेतला, त्या कातरीन ब्रिसोनेला मात्र दोन वाक्यं. नवरा तोमा बोहिये राजाचा खजिनदार, सतत इटलीच्या मोहिमांवर. १५१३ साली जागा हाती आली, जुन्या पाणचक्कीच्या पायावर सात-आठ वर्षं काम चाललं, ते बघितलं हिने. मधे लांब दिवाणखाना, दोहोंकडे खोल्या आणि सरळ जिना. तेव्हा तिकडे गोल जिन्यांचीच पद्धत होती. 'पुरं झालं तर माझी आठवण राहील' असं नवराबायकोने कोरून ठेवलंय. राहिली का?

विटकर: ताई, नुसता चौकोनी वाडा असता तर तुम्ही तरी गेला असतात का? पलीकडच्या काठापर्यंत पूल नेला तो दियानने, वास्तुकार फिलिबेर द लोर्मकडून. लोक फोटो त्याचाच काढतात.

खवचट_काका: फोटोत दिसतं ते पुलावरचं दालन, आणि ते मेदिचीचं! १५५९ मध्ये राजा दुसरा हेन्री गेला, तशी हिने त्याच्या लाडक्या दियानला शोमोंचा वाडा देऊन इथून काढलं. मग तिच्याच पुलावर साठ मीटर लांबीचं दालन चढवून त्यात नाच-मेजवान्या. खुन्नस असावी तर अशी.

निफाडकर: सगळे दगडच मोजताय. अशी जहागीर चालते शेतीवर. दियान व्यवहाराला पक्की, उत्पन्नावर बारीक नजर. १५५५ मध्ये वाडा रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतला होता (तरी गेलाच म्हणा). आजही तिथे द्राक्षमळे आहेत. तूरेन-शनोंसो या नावाने वाईन विकायला २०११ पासून मान्यता आहे; पांढरी सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षाची. त्याच लोआर खोऱ्यातली शेनिन ब्लां ही द्राक्षाची जात आम्ही नाशकात लावतो.

माधुकरी: व्यवहाराचं मान्य. पण बोहियेच्या मुलाकडून थकबाकीपोटी राजाने १५३५ मध्ये वाडा घेतला, पुढे हेन्रीने तो दियानला भेट दिला. आयत्या घरात बाग फुलवायला काय जातं?

विटकर: आयता असेल, पण राज्यक्रांतीत वाचला तो पुलामुळेच असं सांगतात. आसपास नदी ओलांडायला दुसरी सोय नव्हती.

खवचट_काका: आणि पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या खाटा कुठे लागल्या? मेदिचीच्या दालनात!

माधुकरी: काका, वाड्याकडून त्या दालनात शिरायचं तर आधी ब्रिसोनेच्या दिवाणखान्यातूनच जावं लागतं.